अगापँथस: या बहराची निगा, पुढच्या बहराची फुलं

ओलमाती

अगापँथसबद्दल विचारणा झाली की तक्रार बहुतेक एकच असते. पानं हिरवीगार, झुबका भरघोस, फूल मात्र नाही. मग सल्ले सुरू होतात: उन्हात ठेवा, खत वाढवा, कुंडी बदला. सल्ले चुकीचे नसतात, पण हे सगळं बहर तोंडावर आल्यावर केलं जातं आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. माझं म्हणणं असं आहे की अगापँथसची खरी निगा फुलं सुकल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत घ्यायची असते. पुढच्या बहराची कळी त्याच सुमारास आत धरायला लागते. तेव्हा झाड तहानलेलं किंवा उपाशी राहिलं, तर नंतर कितीही लाड केले तरी दांडे मोजकेच येतात.

आणि नेमकं याच काळात त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. निळे गोल गुच्छ डोळे भरून बघून झाले, सुकलेले दांडे कापले, कुंडी मागे सरकली, पाण्याची पाळी चुकायला लागली. वरून काही कळतही नाही. पानं जाड आणि मुळ्या मांसल असल्यामुळे झाड स्वतःजवळच्या पाण्यावर तग धरतं. हायड्रेंजिया तासाभरात मान टाकतो आणि आपण पाणी घेऊन धावतो. अगापँथस तसं काहीच दाखवत नाही. त्याची तहान पुढच्या वर्षी दांड्यांच्या संख्येत दिसते.

आता लागवडीचं बोलू. झाड मूळचं आफ्रिकेच्या दक्षिण भागातलं, कांदा-लसूण आणि अ‍ॅमॅरिलिस यांच्या कुळातलं. पण खाली कांद्यासारखा गोल कंद नसतो. जमिनीलगत आडवं सरकणारं आखूड, जाडजूड खोड असतं आणि त्याला खाली पांढऱ्या, गुबगुबीत मुळ्यांचा गुंता. म्हणून खोल पुरायचं नाही. खोडावर दोन-तीन सेंटीमीटर माती पुरे, आणि पानं जिथून निघतात तो बुडखा मोकळा राहायला हवा. जमिनीत लावत असाल तर दोन रोपांत ३० ते ४५ सेंटीमीटर अंतर ठेवा. सुरुवातीला वाफा रिकामा वाटेल, पण दोन वर्षांत भरतो.

ऊन दिवसाला किमान सहा तास हवं. जिथे दुपार फार तापते तिथे सकाळचं पूर्ण ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली, ही जागा उत्तम. गर्द सावलीत झाड मरत नाही, पानं लांबच लांब होतात आणि सगळी वाढ तिथेच संपते.

कुंडीसाठी मातीत माझा हात जरा जड असतो. दोन भाग चांगली बागेतली माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नये. एक तर ते एकदा कोरडं पडलं की पाणी बाजूने वाहून जातं, गड्ड्यापर्यंत, म्हणजे खोड आणि मुळ्यांच्या गोळ्यापर्यंत, पोचतच नाही. दुसरं म्हणजे दांडा मीटरभर उंच जातो आणि त्याच्या टोकाला वजनदार गुच्छ असतो, तेव्हा हलकी कुंडी वाऱ्याने आडवी होते. खाली भोकं मोठी हवीत. पाणी ओतल्यावर लगेच निथळताना दिसलं पाहिजे.

खताचं सोपं ठेवा. नवी पानं फुटायला लागली की मातीच्या वरच्या थरात कंपोस्ट मिसळा. मग दर दोन आठवड्यांनी पोटॅश जास्त असलेलं पातळ खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात. युरिया, ताजं कोंबडीखत असं नत्राने भरलेलं काही नको, त्याने फक्त पानं माजतात. आणि फुलं संपली म्हणून खत थांबवू नका. आणखी सहा ते आठ आठवडे तेच वेळापत्रक चालू ठेवा. माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात कामाची ओळ ही आहे.

तुमच्याकडची परिस्थिती लिहा: ऊन किती, कुंडी की जमीन, शेवटचा बहर कधी आला. त्यावरून बोलता येईल.

झुळूक

छान झालं हा धागा काढलात. माझं रोप कुंडीत आहे, पूर्वेच्या बाल्कनीत. ऊन सकाळी तीनेक तास. पहिल्या वर्षी दोन दांडे आले, त्यानंतर एकही नाही. पानं मात्र कुंडीबाहेर लोळतायत. रोप आणलं तेव्हा फूल आलं, याचा अर्थ झाड तर चांगलं आहे ना?

ओलमाती

@झुळूक, झाड अगदी चांगलं आहे. पहिल्या वर्षीच्या दोन दांड्यांची कळी ते तुमच्याकडे येण्याआधी, रोपवाटिकेतल्या भरपूर उन्हात धरली गेली होती. तुमच्याकडे आल्यावर ती फक्त उमलली. त्यानंतरची वर्षं तुमच्या बाल्कनीतल्या उन्हावर गेली आणि तीन तास त्याला कमी पडतात. लोळणारी लांब पानं तेच सांगतायत. गच्ची किंवा दुसरी उघडी जागा असेल तर तिथे हलवा, निदान बहर संपल्यापासून थंडीपर्यंत. हलवताना एकदम भर उन्हात नको, आठ-दहा दिवस हळूहळू सवय करा, नाहीतर पानांवर पांढुरके करपलेले डाग पडतात.

खुरपं

ओलमातीताई, एक शंका. सगळीकडे वाचतो की अगापँथसला घट्ट कुंडी आवडते, मुळ्या दाटल्या की फूल येतं. म्हणून मी कुंडी बदलतच नाही. आता मातीच्या कुंडीला उभी चीर गेलीये आणि दांडे आधी सात-आठ यायचे ते दोनवर आलेत.

ओलमाती

खुरपंदादा, निम्मी गोष्ट खरी आहे. छोटं रोप मोठ्या कुंडीत टाकलं तर ते आधी मुळ्या पसरण्यात वेळ घालवतं, शिवाय रिकाम्या मातीत पाणी साचून मुळ्या कुजण्याची भीती असते. म्हणून गड्ड्यापेक्षा जेमतेम चार-पाच सेंटीमीटर रुंद कुंडी घ्यायची. पण 'थोडी दाटी' आणि 'कुंडी फुटेपर्यंत दाटी' यात फरक आहे. कुंडीला चीर गेली म्हणजे आत मातीला जागाच उरलेली नाही. पाणी दिलं तरी ते धरून ठेवणारं काही नाही, खत दिलं तरी वाहून जातंय. चार-पाच वर्षांनी गड्डा विभागायलाच हवा.

बहर संपल्यावर करा, किंवा थंडी सरून नवी पानं दिसायला लागली की. एक दिवस आधी भरपूर पाणी द्या. तुमची कुंडी चिरलेलीच आहे, तेव्हा ती फोडूनच गड्डा बाहेर काढा, ओढाताण करू नका. आत माती दिसणार नाही, पांढऱ्या मुळ्यांनी कुंडीचा आकार घेतलेला दिसेल. बोटांनी सोडवायला गेलात तर मुळ्या कटकन मोडतात, आणि सुटत तर नाहीतच. सरळ धारदार सुरी किंवा छोटी करवत घ्या आणि वरून, दोन झुबक्यांच्या मधून, खाली कापत या. काही मुळ्या तुटणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. प्रत्येक तुकड्यात तीन-चार तरी जोमदार झुबके ठेवा. एकेक झुबका सुटा केला तर रोपं जास्त मिळतात, पण फुलायला दोन वर्षं जास्त घेतात. कापलेल्या जागा दिवसभर सावलीत सुकू द्या, पानं निम्म्यावर छाटा आणि मग लावा. पहिलं पाणी भरपूर, नंतर नवी वाढ दिसेपर्यंत बेताने.

विभागल्यानंतरच्या पहिल्या बहरात फुलं कमी येतात किंवा येत नाहीत. ते धरून चला. म्हणून सगळ्या कुंड्या एकाच वर्षी विभागू नका.

पानगळ

माझ्याकडे दोन वेगळी रोपं आहेत. एक बाराही महिने हिरवं, दुसऱ्याची पानं थंडीत पूर्ण वाळून जातात. वाळलं की मेलं असं समजून घरच्यांनी एकदा कुंडी रिकामी करायला घेतली होती! याची कोणी नीट माहिती देईल का?

रानवाटा

@पानगळ, हा माझ्या आवडीचा विषय, म्हणून मीच लिहितो. ढोबळमानाने दोन गट. सदाहरित गटात प्रीकॉक्स आणि आफ्रिकानस या प्रजाती येतात. पानगळीच्या गटात कॅम्पॅन्युलेटस, कॉलेसेन्स, कॉडी आणि इनअपर्टस. दक्षिण आफ्रिकेत केप नावाच्या प्रदेशाच्या पश्चिमेला पाऊस हिवाळ्यात पडतो, पूर्वेकडे उन्हाळ्यात, आणि हिवाळा कोरडा जातो. कोरड्या, गार हिवाळ्यात पानं राखण्यापेक्षा टाकून देणं झाडाला परवडतं, म्हणून पूर्वेच्या डोंगराळ भागातल्या प्रजाती पानगळीच्या आहेत. त्याच जास्त थंडी सोसतात. सदाहरित रोपं सौम्य हवेतली, कडक हिमकणांत त्यांची पानं लगदा होतात.

तुमच्या पानं गाळणाऱ्या रोपाला विश्रांतीच्या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवा. ओल्या गार मातीत निजलेला गड्डा कुजतो. सदाहरित रोपाला मात्र तेव्हाही माती पूर्ण कोरडी पडू न देण्याइतकं पाणी हवं.

प्रजाती किती यावर बराच खल झालेला आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सेस लेटन यांनी १९६५ साली दहा प्रजाती मांडल्या होत्या. २००३ मध्ये झोनेव्हेल्ड आणि डंकन यांनी पेशीतल्या डीएनएचं प्रमाण आणि परागकणांचा रंग तपासून त्या सहावर आणल्या. परागांचा रंग ही तर आपणही घरी बघू शकतो अशी गोष्ट, काही प्रजातींत पिवळे आणि काहींत जांभळट. बाजारात 'आफ्रिकानस' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा प्रीकॉक्स असतं. खरा आफ्रिकानस बागेत वाढवायला कठीण आहे, त्याच्या मूळ जागी तो वणव्यानंतर भरभरून फुलतो. तेव्हा लेबल काहीही असो, निगा प्रीकॉक्सची घ्या.

आणि इनअपर्टस कुठे मिळाला तर जरूर लावा. त्याची फुलं गोल गुच्छात वर तोंड करून नसतात. नळीसारखी असतात आणि खाली लोंबतात, रंग गडद निळ्यापासून जांभळ्यापर्यंत. सगळ्या अगापँथसमध्ये मला ते सर्वांत देखणं वाटतं.

ओलमाती

रानवाटा, सुरेख लिहिलंत. पावसाच्या वेळेचा आणि पानगळीचा हा संबंध लक्षात आला की पाण्याचं वेळापत्रक पाठ करावं लागत नाही.

बियाणं

माझा अनुभव बियांचा. फूल गळल्यावर हिरव्या तीनधारी शेंगा धरतात. त्या पिवळसर तपकिरी होऊन टोकाकडून उकलायला लागल्या की काढायच्या, आधी नाही. आत चपटं, चकचकीत काळं बी आणि त्याला एका बाजूला कागदासारखा पातळ पंख. ताजं बी चांगलं उगवतं, जुनं होत जातं तसं प्रमाण घटतं, म्हणून लगेच पेरा. लगेच जमणार नसेल तर कोरडं करून कागदी पाकिटात फ्रीजमध्ये ठेवा.

पसरट ट्रेमध्ये बारीक चाळलेलं मिश्रण, त्यावर बी, वर अगदी पातळ थर. ओल कायम, ट्रे उजेडात पण थेट उन्हात नाही. महिन्याभरात गवताच्या पात्यांसारखे कोंब दिसतात. पहिलं वर्षभर ते तेवढेच राहतात, त्यामुळे तण समजून उपटले जातात. नावाची पट्टी खोचून ठेवा!

फुलायला तीन ते पाच वर्षं. आणि बियांची रोपं आईसारखीच येतील याची खात्री नसते, निळ्याच्या बियांतून फिकट, गडद, उंच, बुटकी अशी सरमिसळ निघते. मला ते फार आवडतं. पण 'ट्विस्टर'सारखी दुरंगी किंवा 'पीटर पॅन'सारखी बुटकी जात तश्शीच हवी असेल तर विभागणीच करावी लागेल.

चाफेकळी

@बियाणं, तीन ते पाच वर्षं! तुमच्या चिकाटीला नमस्कार.

बियाणं

@चाफेकळी, दर वर्षी थोडं पेरत राहिलं की चौथ्या वर्षापासून दर वर्षी काहीतरी पहिल्यांदाच फुलत असतं. त्या आनंदापुढे थांबणं काहीच वाटत नाही.

सांजवेळ

कुणी माझ्या कळ्यांचं बघाल का? दांडा नीट वर आला, पण कळ्यांचं पाकीट उकललंच नाही. तपकिरी होऊन वाकडं झालंय. दुसऱ्या दांड्यावर निम्मी फुलं उमलली आणि निम्म्या कळ्या जाड, आखूड, रंग उडालेल्या राहिल्या.

ओलमाती

@सांजवेळ, एक बिघडलेली कळी तोडा आणि पांढऱ्या कागदावर नखाने उभी उकला. आत काय दिसतं त्यावर सगळं अवलंबून आहे. दोन-तीन मिलिमीटरच्या फिकट पिवळसर अळ्या वळवळताना दिसल्या तर ती अगापँथसच्या गाठमाशीची शक्यता. अगदी चिमुकली माशी कळीत अंडी घालते, अळ्या आतून खातात आणि कळी फुगून वाकडी होते. ब्रिटनमध्ये २०१४ साली ती लोकांच्या लक्षात आली, तिचं शास्त्रीय वर्णन २०१६ मध्ये झालं, आणि दक्षिण आफ्रिकेतही ती सापडलेली आहे. अळी कळीत बंदिस्त असल्यामुळे फवारणीचा भरवसा नाही. बाधित दांडा बुडातून कापून पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका, कारण अळ्या मातीत उतरून कोष करतात.

अळ्या नसतील, पाकळ्यांवर रुपेरी ओरखडे आणि अगदी बारीक, लांबट किडे दिसले तर फुलकिडे. त्यासाठी नीम तेलाचा फवारा संध्याकाळी, मधमाश्या परतल्यानंतर. आणि काहीच सापडलं नाही, तर कळी बाहेर येत असताना पाण्याचा मोठा खंड पडला होता का ते आठवून बघा. ऐन वाढीत दांड्याला कोरड बसली तर कळ्या सुकतात.

सांजवेळ

आत्ताच कापून बघितली, अळ्या नाहीत. बारीक करड्या रेषेसारखे किडे आहेत, पळतात पटापट. म्हणजे फुलकिडे. ताई, खूप आभार, मी तर रोपच टाकून देणार होते.

माऊची आई

घरात मांजर आणि रांगणारं बाळ आहे. लावू की नको?

रानवाटा

@माऊची आई, जपून. चीक त्वचेला लागला तर काहींना खाज आणि पुरळ येतं, तोंडात गेला तर जळजळ होते. झाडात सॅपोनिनसारखी द्रव्यं आहेत, मांजर-कुत्र्यांनी चावलं तर उलटी-जुलाब होऊ शकतात. बाळ मोठं होईपर्यंत उंच कठड्यावर किंवा कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. विभागताना हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा आणि झुलू लोकांच्या परंपरेत या मुळांचा औषध म्हणून वापर आहे, गर्भारपणात आणि नवजात बाळांसाठीसुद्धा. पण ती पिढ्यान् पिढ्यांची जाणकारी आहे, आपण घरी असला कुठलाच प्रयोग करायचा नाही.

अंगणवेल

मोकळ्या जमिनीत लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा व्हिक्टोरिया प्रांत, मदेरा आणि अझोर्स बेटं इथे प्रीकॉक्स बागेबाहेर पसरून रानटी झालं आहे. बी वाऱ्या-पाण्याबरोबर जातं, आणि एकदा गड्डा जमला की उपटणं फार कष्टाचं. ओढ्याकाठी किंवा रानालगत बाग असेल तर फूल गळताच दांडे कापा, शेंगा पिकू देऊ नका. ज्या जातींना बी फारसं धरत नाही अशाही मिळतात. आपल्या कुंपणाबाहेरच्या रानाची जबाबदारी आपली आहे, असं मला मनापासून वाटतं.

ओलमाती

अंगणवेल, शंभर टक्के सहमत. आणि शेंगा काढल्याने झाडाची ताकद बी भरण्यात न जाता गड्ड्यात जाते, म्हणजे पुढच्या बहरालाही फायदा. बियाणं यांच्यासारखं पेरायचं असेल तर एखादाच दांडा राखा.

झुळूक

फुलदाणीत टिकतात का?

चाफेकळी

@झुळूक, हो, आठवडाभर सहज. गुच्छातली चार-सहा फुलं उमलली असताना सकाळी कापायचा दांडा, बाकीच्या कळ्या पाण्यात उमलतात. पाणी एक दिवसाआड बदला.

पागोळी

उशिरा आले धाग्यावर. माझ्याकडे पाऊस सलग आणि भरपूर असतो. दर पावसात मधली पानं पिवळी पडतात आणि ओढली की बुडातून अलगद हातात येतात, वास येतो. वर्षभर हवा उबदार आणि दमट आहे. इथे अगापँथस शक्यच नाही का?

ओलमाती

पागोळी, पान अलगद सुटतंय आणि वास येतोय म्हणजे बुडखा कुजतोय. आजच गड्डा उपसा. मऊ, तपकिरी झालेला भाग पांढरा कडक भाग दिसेपर्यंत कापून टाका, उरलेला दोन दिवस वाऱ्यावर सुकवा आणि नव्या मिश्रणात लावा. तुमच्यासाठी वाळूचं प्रमाण दुप्पट धरा आणि बुडखा मातीच्या थोडा वरच ठेवा. बुडख्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन नको, बारीक खडी पसरा. कुंडी विटांवर उचलून ठेवा आणि सलग पावसाच्या दिवसांत छपराच्या कडेला आणा, जिथे उजेड पूर्ण आहे पण धार पडत नाही. या काळात पानांच्या बेचक्यात गोगलगाई दडून बसतात, संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचा.

फुलाबद्दल खरं ते सांगते. सदाहरित रोपाला थंडीत थोडा गारवा मिळाला की दांडे चांगले येतात. वर्षभर उबदार हवेत पानं भरघोस आणि दांडे कमी, असं होतं. तुमच्याकडे शक्य आहे, पण दर वर्षी डझनभर गुच्छ येतील अशी अपेक्षा ठेवू नका. पानगळीच्या प्रजाती तुम्ही घेऊच नका, त्यांना कोरडी, गार विश्रांती लागते. बुटक्या सदाहरित जातीची एक कुंडी, सगळ्यात उघड्या जागी, रात्री वारा लागेल अशी ठेवा. पाऊस उघडला की लगेच पोटॅशवालं खत सुरू करा, कारण सलग पावसात आधीचं सगळं वाहून गेलेलं असतं.

पागोळी

उपसलं. तीन झुबके कुजले होते, दोन पांढरेशुभ्र निघाले. सुकायला ठेवलेत. दोघांना एकाच कुंडीत लावू का वेगळं?

ओलमाती

एकाच कुंडीत, जवळजवळ. पानांचं तोंड बाहेरच्या बाजूला करा, म्हणजे नवे फुटवे कडेकडे सरकायला जागा राहील. नवं पान दिसेपर्यंत खत नाही, पाणीही वरची दोन पेरं माती कोरडी झाल्यावरच.